दुपारी एक ते चार गेट बंद

दादा, आपल्या घराचं गेट आता माझ्या पर्समध्ये असतं. हे तुम्हाला समजावून सांगणं कठीण आहे, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घराला गेटच नव्हतं. दोन खांब होते, आणि त्यांच्या मधून फाट्यावरची अर्धी जनता आत येऊन रांजणातलं पाणी पिऊन जायची. आता तिथे लोखंडी गेट आहे, कंपाउंडच्या भिंतीवर काचा आहेत, चार कोपऱ्यांत चार कॅमेरे आहेत, एक भोंगा आहे, आणि हे सगळं मी पुण्यात सातव्या मजल्यावर बसून फोनवर अंगठ्याने चालवते. तुम्ही वाटूर फाट्यावर एसटीच्या कंट्रोलरच्या खोपटात बसून मंठ्याची गाडी, परतूरची गाडी माइकवर पुकारायचात आणि एकही गाडी तुमचं ऐकायची नाही. माझं मात्र सगळं ऐकतं. बापाकडून लेकीपर्यंत आपल्या घराण्याचा उत्कर्ष काय तो एवढाच.

तुमच्यामागे आई एकटी राहिली. पुण्याला चल म्हटलं की म्हणायची, "मंग रांजण कोण भरील?" मग शेजारी कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली आणि मला, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या भित्रेपणावर विनोदी लेख पाडणाऱ्या बाईला, भीती वाटली. जालन्याहून एक माणूस बोलावला. तो शिडीवरून म्हणाला, "मॅडम, आता चिमणी बी तुम्हाला इचारल्याबिगर आत येनार न्हाई." खरं बोलला बिचारा. पहिला महिनाभर आईचं वाळत घातलेलं लुगडं हललं तरी माझा फोन 'संशयित हालचाल' म्हणून थरथरायचा. गेट आतून उघडायला घरात एक बटण होतं. आई ते दाबायची आणि गेट उघडंच टाकायची, म्हणून मी ते बटणच बंद करवलं. मग रोज दहाला तिचा फोन यायचा, "उघड गं बाई, परतूरची गाडी लागली. मानसं तहानली असतील." मी उघडायची. एकला तिच्या झोपेची वेळ, म्हणून बंद करायची, चारला परत उघडायची. पुण्यात राहून एवढं तरी शिकले होतेच. आई एकदा म्हणाली, "चोर काही आला न्हाई अजून. तूच घुसून राह्यलीस घरात."

मी चौथीत होते तेव्हा रांजणावरचा पितळी ग्लास चोरीला गेला होता, आठवतंय? मी शहाणपणा करून नव्या ग्लासाला साखळी बांधली, स्टँडवरच्या पाणपोईला असते तशी. तुम्ही ड्यूटीवरून येता, गणवेश न काढता तिथेच उकिडवे बसता, आणि पकडीने ती साखळी तोडता. "ग्लास गेला म्हंजे कुनाला तरी ग्लासाची गरज होती," एवढंच म्हणता. पुढचा आख्खा रविवार मला रांजणाशेजारी उभं करून येईल त्याला पाणी द्यायला लावता. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. ती साखळी मी पुढे मोठ्या प्रमाणावर बांधली, इतकंच.

समोरच्या घरातली मावशी तुम्हाला वेगळी सांगायला नको. एका सकाळी अकराच्या सुमारास मी एका बैठकीत होते आणि फोनवर दिसलं की कुणीतरी बाई आपल्या खिडकीत हात घालते आहे. कॅमेरा वरून बघतो, त्याला माणसाचा फक्त पदर दिसतो. मी सरळ भोंग्यातून ओरडले, "कोण आहे? खिडकीला हात लावायचा नाही!" पदर मागे सरकला, तोंड वर झालं. "मी हाय माय. तुला न्हाऊ घातलेली." आईचा त्या दिवशी लवकरच डोळा लागला होता, म्हणून ती वरणफळाची वाटी खिडकीत ठेवत होती. मी नंतर तिला फोन केला. माफी मागायला केला होता, पण माझ्या तोंडाला सवय वेगळी. हसत म्हणाले, "मावशी, कॅमेऱ्यात तू अगदी अट्टल चोरासारखी दिसतेस गं." ती हसली नाही. "बराबर हाय तुझं. आपलं घर आपन सांभाळावं," म्हणाली. त्यानंतर तिने आपल्या अंगणात पाऊल ठेवलं नाही. ती रस्त्यावर उभी, आई गेटच्या आत, आणि गजांमधून दोघींच्या गप्पा. तुरुंगात भेटीला आल्यासारख्या. त्यातली कैदी कोणती, ते मी कधी ठरवू शकले नाही.

आता वैशाखातली ती दुपार. माझं एका सभागृहात भाषण होतं. सुरुवातीलाच मी श्रोत्यांना म्हणाले, फोन बंद करा, तासभर जग तुमच्यावाचून चालेल. टाळ्या पडल्या. मी पर्समधून माझा फोन काढला, सगळ्यांना दाखवला आणि बंद केला. त्यालाही टाळ्या. तिकडे दोनच्या सुमारास आई चारच्या माणसांसाठी रांजण भरायला बादली घेऊन निघाली आणि रांजणाजवळच पडली. मावशीने ते गजांतून पाहिलं. गेट बंद. भिंतीवर काचा. आणि भोंगा वाजला की थेट पोलीस येतात, असं मीच गावभर सांगून ठेवलेलं. ती माझ्या कॅमेऱ्यात दिसते. वर बघून, हात जोडून काहीतरी म्हणते आहे. गेट उघड, असंच म्हणत असणार. बराच वेळ म्हणते. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून, गेटला टेकून उन्हातच बसते आणि आत पडलेल्या आईशी बोलत राहते. तासाभराने दोन माणसं काचांवर गोधडी टाकून उड्या मारतात. एकाचा हात रक्ताने भरलेला दिसतो. तेव्हा भोंगा वाजला. यंत्रणा उत्तम चालली, दादा. चहा घेऊन मी फोन चालू केला तेव्हा अकरा कॉल येऊन गेले होते.

खुबा मोडला, ऊन लागलं. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं. आता आई माझ्याकडे आहे, अखेर पुण्याला आली. पलंगावरून उठत नाही, उठणारही नाही, हे मला सांगून झालं आहे. ती अजून वाटूरलाच आहे असं तिला वाटतं. रोज दहाला म्हणते, "उघड गं बाई." मी तिच्यासमोर फोन धरून बटण दाबते, तिकडे गेट उघडतं, ती शांत होते. "रांजण भरला का?" मी हो म्हणते. रांजण कोरडा आहे, तळाला तडा गेला आहे. गेट उघडं दिसलं म्हणून एखादा वाटसरू आत येतो, झाकण उचलतो, वाकून बघतो आणि निघून जातो. पाणी नाही, एवढं भोंग्यातून सांगता येईल मला. माझ्या आवाजाला त्या अंगणात तोंड राहिलेलं नाही. चारला परत उघडायचा आता प्रश्न नाही. एकला मी गेट बंद करते ते करतेच.

तुम्ही चिठ्ठ्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचात, वर पत्ता नसायचा, तरी पोचायच्या. ही कुठल्या गाडीने देऊ? कपाटात त्या यंत्रणेची माहितीपुस्तिका आहे, तिच्यात घडी करून ठेवते आहे.

एकच सांगायचं राहिलं. मावशी गेट उघड म्हणत असणार, असं मी वर लिहिलं, ते मी आपलं ठरवलं आहे. त्या चित्रफितीला आवाज आहे. कोपऱ्यातली खूण दाबली की ती काय म्हणाली, नंतर तासभर आईशी काय बोलली, सगळं ऐकू येईल. मी ती खूप वेळा पाहिली आहे. खूण अजून दाबलेली नाही.