नामदेवच्या व्हॅनचा सेन्सर

३ फेब्रु., मंगळ
नामदेव रामटेकहून व्हॅन घेऊन आला. इंजिनचा चेक लाईट पुन्हा लागला, गाडी चाळीसच्या वर जात नाही. स्कॅनर लावला. धूर मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड-कोड. मागच्या आठवड्यात मीच नवा टाकलेला. गॅरेजमध्ये तासभर चालू ठेवली, लाईट एकदाही नाही.
नामदेव म्हणे, "भाऊ, सोमवार-गुरुवार डायलिसिसचे पेशंट न्या लागते. काहून होऊन राहिलं हे?"
मले माहीत नाही, एवढं तोंडातून निघालं नाही. म्हटलं, बघतो.

४ फेब्रु., बुध
सेन्सर दुसऱ्या गाडीवर लावून पाहिला. चांगला आहे. सायलेन्सरचे जोड पाहिले, गळती नाही. तीस वर्षं इंजिनच्या आवाजावरून बिघाड सांगत आलो. या नव्या गाड्यांपुढे अडाणी. संध्याकाळी कोड पुसून गाडी दिली. द्यायला नको होती. पण उद्या सिंधूताईचं डायलिसिस. माझी सख्खी बहीण, त्याच गाडीत येते.

५ फेब्रु., गुरु
कन्हानच्या अलीकडे गाडी बंद पडली. चार पेशंट रस्त्यावर. दुसरी गाडी मिळेपर्यंत त्यांची वेळ गेली. सेंटरने उद्याची दिली. ताईचा फोन, "वाईट नको वाटून घेऊ, एका दिवसानं काय होते." बोलताना धाप लागत होती.

६ फेब्रु., शुक्र
सकाळीच ताईचा श्वास कोंडला. छातीत पाणी. नागपूरला आणली, आयसीयूत. भाचा अरविंद दाराशी उभा. माझ्याशी नीट बोलला. तेच जास्त लागलं.

७ फेब्रु., शनि
गाडी गार झाल्यावर आपोआप सुरू झाली म्हणे. आज स्वतः कामठी रोडवर पळवली. चांगली तापली तेव्हा लाईट लागला. तसाच खाली शिरलो. सेन्सरकडे जाणारी तार सायलेन्सरच्या पाईपला टेकलेली, वरचं प्लास्टिक वितळलेलं. गाडी पळून पाईप तापला की तार शॉर्ट होऊन इंजिन बंद. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही दिसत नव्हतं.
तार पाईपपासून दूर धरणारी क्लिप नाही. दिवाळीनंतर सायलेन्सर बदलला तेव्हा ती तुटली होती. मीच प्लास्टिकची पट्टी बांधली, लोखंडी क्लिप मग लावू म्हणून... पट्टी वितळून गेली. या गाडीखाली दुसरं कोणी शिरलंच नाही. सेन्सर बदलताना हातभर वर पाहिलं असतं तर.
तिथंच पडून राहिलो.

८ फेब्रु., रवि
तार नवी, क्लिप लोखंडी. रामटेकपर्यंत चालवत नेली. लाईट नाही.
नामदेव, "काय होतं गा?"
"तार जळली होती."
"उंदरानं कुरतडली असन."
मी पाने पिशवीत टाकू लागलो. त्यानं हो समजून घेतलं.
बायकोला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं. मग, "ताईले तुम्हीच सांगा. दुसऱ्याच्या तोंडून नको."

९ फेब्रु., सोम
गॅरेज उघडलं नाही. व्हॅन वेळेवर आली म्हणे. तीनच पेशंट.

१० फेब्रु., मंगळ
ताई शुद्धीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय फार कमजोर झालं, पुढचं सांगता येत नाही. मी जवळ बसलो तर मास्क बाजूला करून म्हणाली, "नामदेववर रागावू नको गा. त्याची चूक नाही."
"नाही त्याची."
"मंग कोणाची?"
नर्स म्हणाली, वेळ संपली. ताईनं हात धरलेला होता. मीच सोडवून घेतला.
उद्या अकराला पुन्हा आत सोडतील.