तोरणाच्या अलीकडे

सर, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच झाली. भूगोल तुम्हीच शिकवलात. पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही, की नोकरीसाठी कोकणातून आलेल्या तुम्ही इथल्या पोरांना शिडाच्या होडीत का बसवलंत. धरणाचं पाणी गावाच्या अंगाला येऊन टेकलं होतं, तरी आम्ही त्याच्याकडे पाठ करूनच राहत होतो. तुम्ही शाळेच्या शेडमध्ये प्लायवूडच्या चार होड्या ठोकल्यात, खताच्या गोण्या उसवून त्यांची शिडं शिवून घेतलीत. माझ्या शिडावर ‘युरिया’ हा शब्द उलटा आला होता. बाळापूरच्या बाजारात लोक तुम्हाला विचारायचे, ‘सर, मासे धरता का?’ तुम्ही नाही म्हणालात की त्यांना पुढे काय विचारावं ते सुचायचं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही, आणि आता विचारायला तुम्ही नाहीत.

आमच्या तांड्यावर तुम्ही आलात तो दिवस आठवतो. याडी चुलीवर भाकरी टाकत होती. माझ्या आईला आम्ही याडी म्हणायचो, तुम्हीही तसंच म्हणायला लागलात. ती म्हणाली, ‘सर, पोरगी बुडली तं? काहून पान्यात नेऊन राहिले तिला?’ दुसऱ्या कुठल्या मास्तरांनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘याडी, आधी तुम्ही बसा.’ आणि ती खरंच आली हो! बुडू नये म्हणून पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, घागरा गुडघ्यांत गच्च धरलेला. तुम्ही तिच्या हातात सुकाणू दिलंत आणि मागे सरकून बसलात. नव्या माणसाला तुम्ही कधी शिकवायचाच नाहीत, सरळ सुकाणू द्यायचात. होडी गरागरा फिरली, आणि याडी अशी हसली, की तसं हसताना मी तिला लग्नाकार्यातही पाहिलं नव्हतं. मग मला कोण अडवणार! वर्षभरात माझ्या पुढे कुणाची होडी जात नव्हती. वारा कुठून येणार हे मला मानेवरच कळायचं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनंच सांगते.

तरी पोरं येत नव्हती. आम्ही मोजकेच, तेही कुणी आजारी पडलं की होडी काठावर पालथी. म्हणून तुम्ही शर्यत ठेवलीत, पोळा झाल्यावरच्या रविवारी, गावानं पाहावं म्हणून. शेवटची खूण म्हणून पाण्यात दोन बांबू रोवले. त्यांच्यामध्ये तुम्ही साधा दोर बांधणार होतात, पण गावकऱ्यांनी हौसेनं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि तुम्हाला ते छान वाटलं. तुमच्याकडे असा पोळा नसतो, तुम्हाला काय माहीत! आमच्याकडे तोरणाखालून पाटलांचा मानाचा बैल पहिला जातो, आणि तो जाईपर्यंत बाकीचे कितीही उधळले तरी त्यांना धरून ठेवतात. मी सगळ्यांच्या पुढे होते. तोरण हाताच्या अंतरावर आलं आणि काठावरून एकच गलका उठला, ‘ए पोरी, थांब! मानाची होडी म्होरं जाऊ दे!’ पाटलांचा मुलगा सगळ्यात मागे होता. मी शिडाचा दोर सोडला, शीड फडफडायला लागलं. माझ्या मागचेही एकेक करून थांबले. पाटलांचा मुलगा डुलत डुलत आला, तोरणाखालून गेला, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरलात. चेहरा लाल. ‘कोणी सांगितलं थांबायला? वाऱ्याने?’ सगळ्यांदेखत, फक्त मला. बाकीचेही थांबले होते की! मला रडू आलं, पण रागाचं. गाव सांगतं थांब, सर सांगतात का थांबलीस, मग पोरीनं करावं काय?

पुढच्या रविवारी पाटील जीप भरून लेकरं घेऊन आले. म्हणाले, ‘सर, तुमच्या पोरायला शिस्त हाय. आमच्या बाकीच्या लेकरायलाबी शिकवा.’ त्यांच्या मागून आणखी घरं आली, मुलीसुद्धा आल्या. तुम्हाला हवं होतं तेच झालं. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, ‘आजपासून नवी पोरं तुझ्याकडे.’ सर, ते बक्षीस होतं का शिक्षा? त्यानंतर मी कधी शर्यतीत उतरले नाही. दर शर्यतीला मी काठावर, कुणाच्या तरी पाठीला डबा बांधत. मी जिंकावं असं तुम्हाला वाटत होतं, की माझ्या थांबण्यानं पोरं आली हे तुम्हाला आवडलं होतं? दोन्ही कसं असेल? आणि दोन्ही असेल, तर ओरडलात ते कुणावर?

आता मीच शाळेत शिकवते, आणि रविवारी होड्या. आपला जिल्हा वेगळा झाला, गोण्यांची शिडं गेली, काठावर लोक मोबाईलवर फोटो काढतात. तोरण मात्र दरवर्षी गाव बांधतंच. काल शर्यत होती. गेल्या पावसाळ्यात आलेली एक पोरगी सगळ्यांच्या पुढे होती आणि पाटलांचा नातू तिच्या मागे. सकाळी तिनं मला विचारलं होतं, ‘बाई, तोरणापाशी थांबायचं असतं का?’ नातू हरला आणि पाटलांनी पोरांसाठी जीप पाठवायची बंद केली तर नवी पोरं तुटतील, ही धास्ती होती. पोरीला थांब म्हणायला जीभ वळेना. मी म्हणाले, ‘आधी पोच तर तिथपर्यंत.’

ती थांबली नाही. तोरणाखालून सुसाट गेली, पानं तिच्या डोक्याला लागली. मी पाटलांकडे पाहिलं. ते आता खुर्चीत बसून असतात. ते टाळ्या वाजवत होते. मी जवळ जाऊन विचारलं, ‘पाटील, मानाची होडी?’ ते हसले. ‘ते बैलाचं असते बाई. होडीला कशाचा आला मान?’ मी म्हणाले, ‘मग त्या वर्षी?’ त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. ‘कोन थांबलं होतं? मला तं काई याद न्हाई.’

संध्याकाळपर्यंत कितीतरी जणींनी पुढच्या रविवारी येऊ का म्हणून विचारलं. तुम्ही असता तर नाचला असतात. मी सगळ्यांना या म्हणाले. हे पत्र कुठे टाकणार, ते पिशवीतच राहील. पण एक सांगायचं होतं. ती पोरगी काठाला लागली तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि सगळे म्हणाले, बघा, बाईंना किती आनंद झाला. सर, तो आनंद नव्हता.