बाबांची खुंटी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली, पण डोळा लागला नाही. भावोजी गेले हे अजून मनाला पटत नाही. ज्यांच्या खोकल्याची आपण दोघं नक्कल करायचो, त्यांचा चष्मा मी रुमालात गुंडाळून ठेवला, याला काय म्हणावं?

बेबीला दवाखान्यात किंवा पुढे अंत्यविधीला नेलं नाही, हे बरंच केलं. एवढी गर्दी, रडारड. स्वमग्न मुलीला ते झेपलं नसतं. बाबा गेले असं तू तिला सांगितलंस, तेव्हा ती खिडकीच्या काचेवर बोट फिरवत बसली होती. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे.

निघण्याआधी मी घर जरा लावून ठेवलं. हसू नकोस. उभा जन्म गोदामात गेला, वस्तू जागेवर नसली की माझे हात शिवशिवतात. दवाखान्यातून आलेल्या पिशवीतले कपडे भिजवले, चष्मा खणात ठेवला, आणि भावोजींची किल्ली दारामागच्या पाटीवर तिच्या खुंटीला अडकवली. त्यांनी स्वतः रंधा मारून केलेली ती तीन खुंट्यांची पाटी, एकीला तुझी किल्ली, एकीला बेबीची, आणि मधली ओकीबोकी. मला बघवेना.

रागावू नकोस, पण लिहितो. बेबीचं उठणं-बसणं, खाणंपिणं, फिरायला नेणं, सगळं भावोजी बघत होते. तू आपली शिवणयंत्राला चिकटलेली. आता दोन्ही तुझ्याच गळ्यात. डॉक्टरांनी तुला जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलंय. उद्या तुलाच काही झालं तर बेबीचं कोण, याचा विचार आजच करायला हवा. तुझ्या भावजयीचा नमस्कार. गोळ्या वेळेवर घे, आणि या लहान भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


ता. १९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी टापटीप काही टिकली नाही रे बाबा. बेबीने सगळं घर उलथंपालथं केलं आहे.

सकाळी उठते, दारापाशी जाऊन येते आणि मग सुरू होते. कपाटं उपसते, गाद्या उलट्या करते, पलंगाखाली शिरते. भिंतींवर तळहाताने थापा मारते आणि कान लावून उभी राहते. ह्यांची अवजारांची पेटी तिने पार रिकामी केली, तळाचा कागदसुद्धा फाडला. हात धरायला गेले तर स्वतःच्याच मनगटाला चावते. सव्वीस वर्षांची उंचनिंच मुलगी, माझ्याच्याने आवरत नाही. संध्याकाळी दोघी दमून पसाऱ्यातच बसतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाबा गेले गं, असं मी तिला परोपरीने सांगते. ती जोरजोरात मान हलवते आणि एकच शब्द धरून बसते, घरात. पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत, घरात घरात. तिच्याकडे शब्द मुळात मोजके, त्यातला हा असा. मी तिला म्हणते की नाहीत गं घरात, असते तर मी अशी असते का? मग मलाच रडू फुटतं आणि ती कानांवर हात दाबून घेते.

शेजाऱ्यांचं काय सांगू! खालच्या मास्तरीणबाई येऊन गेल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वर्गातला. नीट बोलल्या, पण छातीत धडधडतं म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थाने मात्र जिन्यातच गाठलं आणि वेडीला घरात ठेवता कशाला असं विचारलं. मी म्हटलं, ती वेडी नाही, स्वमग्न आहे, जन्मापासून अशीच आहे आणि इतकी वर्षं तुम्हाला तिचा पत्तादेखील नव्हता. तो म्हणाला की नाव काहीही द्या, आवाज बंद करा.

रविवारी शाळेच्या खोलीत आमच्यासारख्या घरांचा मेळा जमतो ना, तिथे हे बेबीला घेऊन जायचे. मी गेलेच नाही. जिना उतरून पुन्हा चढायचा म्हणजे माझं हृदय संपावर जातं. आणि खरं सांगू, तिथे त्यांची रिकामी खुर्ची बघायची हिंमत नाही.

तू जपून राहा. या म्हातारीला मधूनमधून दोन ओळी टाकत जा, तेवढाच जिवाला आधार.

तुझी,
ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझी भावजय म्हणाली, ताईंना इकडे आणा. मी म्हटलं, कुठे ठेवणार? दोन खोल्या, त्यातल्या एकीत तिची आई अंथरुणाला खिळलेली.

मी एक काम केलं, न विचारता केलं. आमच्या गावाबाहेर अशा मोठ्या मुलांसाठी संस्था आहे, ती पाहून आलो. फरशी आरशासारखी. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. दारांना कड्या बाहेरून आहेत. व्यवस्थापक म्हणाले, सुरक्षिततेसाठी. तिथली मुलं भिंतीला टेकून शांत बसली होती. जरा जास्तच शांत होती, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ताई, शांतताच हवी आहे ना आपल्याला? बेबीसाठी एक जागा ते मार्चअखेरपर्यंत राखून ठेवतील.

तुला वाटेल भाऊ दगड झाला. तसं नाही. बेबी आज मनगट चावते, उद्या तुला ढकललं तर? तू जिन्यात कोसळलीस तर आत तिच्यापाशी कोण जाईल? भावोजी असते तर गोष्ट वेगळी होती. लवकर कळव, आणि मला शिव्या घालायच्या असल्या तरी घाल, पण तोंड फिरवू नकोस.

तुझा,
भाऊ


ता. ११ मार्च

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिव्या तयार होत्या, पण त्या आता घशाखाली गेल्या.

शुक्रवारी मी शिवलेले कपडे द्यायला दारापर्यंत गेले होते. दुकानाचा माणूस ते न्यायला वर आला होता. तेवढ्यात बेबी खुर्चीवर खुर्ची ठेवून माळ्यावर चढली. माळ्यावर काय, जुनी ट्रंक आणि ह्यांच्या फळकुटांचा ढीग. तिने ती सगळी खाली ढकलली आणि पाठोपाठ स्वतः पडली. उजवा हात मोडला. मास्तरीणबाईंनी गाडी बोलावली आणि दवाखान्यात शेवटपर्यंत थांबल्या. प्लास्टर घालताना चौघांनी तिला दाबून धरलं होतं. अंगावर अनोळखी हात पडला की ती कशी होते हे मी सांगत होते, पण ऐकायला कुणाला सवड होती? भाऊ, त्या वेळी तिने माझ्याकडे जे पाहिलं ते कुठल्याच आईच्या वाट्याला येऊ नये.

आता तिला शांत ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. ठेवली तिथे बसते. ओठांच्या कडेने लाळ गळते, ती मी पुसते. शोधत नाही, ओरडत नाही, खातही नाही. इमारतीत सगळे खूश आहेत. वरच्या गृहस्थाने परवा मला चक्क नमस्कार केला.

तू म्हणतोस तसं कर. माझ्यात आता जीव उरलेला नाही. ये आणि घेऊन जा तिला. फक्त तिच्यापाशी ह्यांचा राखाडी कोट राहू देतील का, तेवढं त्यांना विचार.

तुझी,
ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट चालेल म्हणाले. तीस तारखेला मी गाडी घेऊन येतो. बेबीला आधी काही सांगू नकोस. तू बरोबर यायचं नाहीस, निरोप घेणं वगैरे तुझ्या हृदयाला सोसायचं नाही. मलाही सोसेल असं नाही, पण कुणीतरी करायला हवं. मी वाईट आहे असं वाटलं तर वाटू दे, परकं मात्र मानू नकोस.

तुझा,
भाऊ


ता. २४ मार्च

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी आणू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय चिडायचं ते चीड.

आम्ही मेळ्याला येईनासे झालो म्हणून तिथले घड्याळवाले घरी आले होते. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. पन्नाशीचे आहेत, घड्याळं दुरुस्त करतात, आणि स्वतः स्वमग्न आहेत. ह्यांचं आणि त्यांचं जमायचं, कारण दोघेही तासभर एकमेकांशी न बोलता मजेत बसू शकायचे. आले आणि बसलेच नाहीत, दारामागच्या पाटीसमोर उभे राहिले. घरात कोण कोण आहे असं त्यांनी पाटीकडे बघतच विचारलं. मी आणि बेबी, म्हटलं. मग तिसरी किल्ली कुणाची, ते म्हणाले. मला रागच आला. हा काय विचारायचा प्रश्न झाला? पण ते तिथून हलेनात. आणि मग मला लख्ख आठवलं.

भाऊ, ती पाटी ह्यांनी बेबी लहान असताना का केली होती ते मी विसरून गेले होते. कुणी दाराबाहेर पडलं की ती जमिनीवर डोकं आपटायची. म्हणून ह्यांनी नियम घातला. बाहेर जाताना आपली किल्ली घ्यायची, आलं की टांगायची. खुंटीवर किल्ली म्हणजे माणूस घरात. एवढं तिला चटकन कळलं आणि डोकं आपटणं थांबलं. मला मात्र पुढे ती पाटी भिंतीचाच भाग वाटायला लागली. तू किल्ली टांगलीस, मी रोज बघत होते, मलाही ती तिथे असलेली बरीच वाटायची. आणि बेबी रोज सकाळी पाटी बघून बाबांना शोधायला निघायची. आपण दोघं म्हणत होतो गेले, पाटी म्हणत होती घरात. पाटी तिच्याशी आजवर कधी खोटं बोलली नव्हती. पोरगी कपाटं कशाला उपसते, माळ्यावर कशाला चढते, हे तिने घसा फोडून सांगितलं आणि आपण तिला गोळ्या दिल्या.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं.

मी धावत किल्ली काढायला गेले, तर घड्याळवाल्यांनी अडवलं. किल्ली नाही म्हणजे बाबा बाहेर गेलेत, संध्याकाळी येतील. तेही खोटंच, म्हणाले. मग ती जन्मभर खिडकीत उभी राहील. मी विचारलं, मग करू काय? त्यांनी मधली खुंटी हलवून पाहिली. मग म्हणाले की खुंटीच काढा, तिच्या डोळ्यांसमोर.

डॉक्टरांना विचारून गोळ्या उतरवत आणल्या. बेबीची नजर जागेवर आल्यावर काल सकाळी ह्यांची पक्कड घेतली. ह्यांनी ठोकलेली खुंटी, ती कसली लवकर निघते? किल्ली मी बेबीच्या चांगल्या हातात दिली, मग खुंटी दिली. बाबा मेले, असं सरळ म्हटलं. गेले म्हटलं नाही. तिने उरलेल्या भोकात बोट घातलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं. मग ती रडली. आधीचं ओरडणं वेगळं होतं, हे रडणं होतं. माझ्याबरोबर रडली भाऊ, पहिल्यांदाच. इतके दिवस या घरात मी एकटीच विधवा झाले असं मला वाटत होतं, तिचा बाप गेलाय हे मी तिला कळूच दिलं नव्हतं.

मास्तरीणबाई वर आल्या. मला वाटलं, झालं, तक्रार. त्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या. वरचा गृहस्थ तणतणत आला, तर त्याला वर्गातल्या आवाजात सांगितलं की या घरात माणूस वारलं आहे, जरा रीत पाळा. तो मुकाट परतला. रविवारी त्या बेबीबरोबर मेळ्याला जाणार आहेत. पण त्याही सत्तरीच्या, त्या कुठवर पुरणार?

आता तुला जे सांगायचंय ते सांगते. बेबी आज सकाळी पुन्हा पाटीपाशी गेली. ह्यांच्या भोकाकडे पाहिलं, मग माझी खुंटी चिमटीत धरून ओढली. हलत नाही अशी खात्री झाल्यावर दूध प्यायला आली. जेवायच्या आधी पुन्हा ओढून गेली. आता पुन्हा गेली आहे.

माझं हृदय कसं आहे ते तुला ठाऊक आहे. ती खुंटी एक दिवस निघणारच. त्या दिवशी माझी किल्ली तिथे टांगून ठेवू नका आणि लपवूही नका. तिला माझ्यापाशी आणा, माझा देह तिला बघू द्या. आणि खुंटी तू काढ, तिच्यासमोर. ते काम तुझं. तिला सांभाळ असं म्हणत नाही, तुझं घर मला दिसतंय. पण तेवढं तू कर, परक्याच्या हातून होऊ देऊ नकोस. मग हवं तर संस्थेत ने.

आईच्या जागी मानत आलास, तेवढं मानून हे ऐक.

तुझी,
ताई


ता. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. किल्ली मीच टांगली होती.

संस्थेला नको म्हणून कळवलं. तुझी भावजय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी तिनेच माझी पिशवी भरली. तीस तारखेला येतोच, एकटा. तुझ्या दाराची एक किल्ली माझ्यासाठी करून ठेव. दर महिन्याला चार दिवस येत जाईन. बेबीला माझ्या येण्याजाण्याची सवय व्हायला वेळ लागेल, म्हणून आतापासूनच. तुझ्यामागे काय, ते मला आज ठरवता येत नाही. पण बाहेरून कडी घातलेल्या खोलीत ती राहणार नाही, एवढं माझ्याकडून घे.

भावोजींच्या भोकाला हात लावायचा नाही. पाटीच्या डाव्या टोकाला माझ्या खुंटीसाठी नवीन पाडू. तुझ्या खुंटीची जाडी सुतळीने मापून ठेव. गोदामात लाकडाच्या चांगल्या खुंट्या पडल्या आहेत, दोन-तीन मापांच्या घेऊन येतो. सैल बसली तर चालणार नाही. बेबी ती ओढून बघेल.

तुझा,
भाऊ