न पोहोचलेली टिप्पणी

३ मार्च
कॉन्व्हेंटच्या मागच्या जिन्यावर आम्ही दोघी मोजे वाळवत बसायचो. ती मला गणितं समजावायची, मी तिला स्पेलिंगं. सिस्टर दिसल्या की ओले मोजे तसेच चढवून पळायचं! शाळेतले बंद पडलेले दिवे तीच दुरुस्त करायची, म्हणून तिचं नाव फ्यूज.

उगीच आठवलं — नाही, उगीच नाही. पेपरात आलंय: अणुवीज केंद्रातल्या त्या जुन्या अपघाताची फेरचौकशी. कागदपत्रं वीस तारखेपर्यंत द्यायची.

४ मार्च
कपाट उघडलं. टिप्पणी आहे. बंद केलं.

७ मार्च
एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी वीज आणि अणुऊर्जा खात्याची सचिव, फ्यूज केंद्राची मुख्य अभियंता. तिने टिप्पणी पाठवली — पंपाचं सील गळतंय, अणुभट्टी आठ दिवस बंद ठेवावी. भर उन्हाळा, विजेची बोंब, मंत्री रोज फोनवर: "बाई, एक युनिटही कमी होता कामा नये!" मी शेरा मारला, 'चर्चा करावी'. चर्चा झालीच नाही. अकराव्या दिवशी सील फुटलं. तिघा कामगारांना किरणोत्सर्ग बाधला. त्यातला एक वर्षभरात गेला.

चौकशीत मी लिहून दिलं, अशी टिप्पणी माझ्यापर्यंत आलीच नाही. तिच्या दप्तरातली प्रत किरणोत्सर्गामुळे कायमच्या बंद केलेल्या इमारतीतच राहिली होती. ती खोटी ठरली. निवृत्तीपर्यंत तिला भांडारात बसवलं. मला बढती!

१० मार्च
मुलाला सांगितलं. "आई, आता कशाला उकरून काढतेस? तुझ्या नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे!" सून समजूत घालत होती, "एवढ्या फायली, नजरेतून सुटलं असेल हो." मी मान हलवली. ते मला छान जमतं.

१४ मार्च
फ्यूज आली! न कळवता. हातात काठी, जीभ मात्र तीच. मी गडबडून विचारलं, चहा घेणार?

"विचारतेस काय, टाक की! का त्यावरही 'चर्चा करावी'?"

पातेलं हातात तसंच राहिलं. तुला कोणी सांगितलं?

"तुझ्या टायपिस्टबाईंनी. त्याच वर्षी. पण कागद कुठे, ते तुलाच ठाऊक."

मग बोलली का नाहीस?

"कागदाशिवाय कोण ऐकणार होतं? आणि वाटलं, तू सांगशील. गाढवच मी. साखर कमी घाल."

कागद मागितला नाही. चहा पिऊन गेली.

१९ मार्च
मूळ टिप्पणी फेरचौकशीच्या समितीला, माझ्या जबाबासह. उद्या मीच नेऊन देणार. एक प्रत फ्यूजला. एक त्या गेलेल्या कामगाराच्या बायकोला — हातात द्यायची, टपालाने नको. एक मुलाला. त्याने जबाबातलं शेवटचं वाक्य आधी वाचावं: टिप्पणी नजरेतून सुटली नव्हती, मी ती दोनदा वाचली होती, आणि मला ती पटली होती.