बांधावरच्या वाटेला वंशसंहार म्हटल्याबद्दल

मी, सावळाराम आबाजी भोईटे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार अंथुर्णे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ऐकू कमी येते, पण डोके शाबूत आहे. आज माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. राहते घर पत्नी मुक्ताबाई हिच्या हयातीत तिचे, नंतर मुलगा ऋषिराज याचे. तिला विचारल्याशिवाय एक वीटही हलवू नये.

२. उसाची अडीच एकर जमीन ऋषिराज व मुलगी उत्कर्षा यांना निम्मी-निम्मी. उत्कर्षाकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊ नये. मी बहिणीकडून घेतली होती.

३. फवारणीचा पंप चुलतभाऊ रावजी याने नेला तो परत आणावा. बाकी दोष त्याला देत नाही. अकरा वर्षांपूर्वी बौद्ध वस्तीने आमच्या बांधावरून गाडीवाट मागितली, तेव्हा तहसीलदारांकडे द्यायचा विरोधाचा अर्ज लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला. "गुरुजी, सायेब हादरंल असा शब्द टाका," म्हणाला. 'हा आमच्या कुटुंबांचा वंशसंहार आहे,' असे मी लिहिले.

सुनावणीला वस्तीतर्फे बुद्धघोष उभा राहिला. माझाच विद्यार्थी. "गुरुजी, नववीत तुमीच शिकिवलं. एखादा समाज, तो समाज हाय म्हणूनच, ठरवून नाहीसा करायचा, त्याला वंशसंहार म्हणायचं. आमी तर नुसती वाट मागतोय."

तरी मी अर्ज मागे घेतला नाही. ज्यांची माणसे तशी मारली गेली त्यांचा शब्द मी बारा फूट बांधासाठी वापरला, आणि अर्थ ठाऊक असून वापरला. मला याची लाज वाटते. प्रकरण रेंगाळले, मी तारेचे कुंपण घातले. तिसऱ्या पावसाळ्यात बुद्धघोषची आई ताईबाई अत्यवस्थ झाली. बाजेवर घालून तिला चिखलातून न्यावे लागले. सडकेला लागेपर्यंत ती गेली होती.

४. माझ्या मृत्यूनंतर ती बारा फूट वाट वस्तीला द्यावी.

हे चौथे कलम मी खोडत आहे. साक्षीदार म्हणून बुद्धघोषला आज घरी बोलावले होते. त्याने सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले. "म्हंजी आमी तुमच्या मरणाकडं डोळं लावून बसायचं व्हय, गुरुजी? आधी कुंपण काढा, मग सही करतो."

ऋषिराजकडे पक्कड मागितली, तर तो "न्हाय" म्हणाला. मीच कुंपणाकडे निघालो आहे.

स्थळ: अंथुर्णे, ता. इंदापूर
दिनांक: १७ जून २०२५
सही: सा. आ. भोईटे

साक्षीदार पहिला: नागेश, शेजारी (सही)
साक्षीदार दुसरा: कुंपण निघेपर्यंत जागा कोरी. तोवर हे मृत्युपत्र ग्राह्य धरू नये.