एकच रडणे आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा नट, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोणत्याही दिग्दर्शकाने न सांगता हे मृत्युपत्र करीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला लिहिताना ते हसत होते, पण त्यांना दोष देता येत नाही. लोक मला अजून ‘शिडीवाला’ म्हणूनच ओळखतात. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत मी शेजाऱ्याकडे सारखा शिडी मागायला जाई, आणि मी दारात उभा राहिलो की रेकॉर्ड केलेले हसणे वाजे. पुढे सिनेमात मी खुनी झालो, न्यायाधीश झालो, आंधळा घड्याळजी झालो, एकदा तर खाष्ट सासूही झालो. तरी बँकेत गेलो की रोखपाल विचारतो, आज शिडी नाही आणली?

१. सदर शिडी मी ढब्बूला देतो. ढब्बू म्हणजे मालिकेतला माझा शेजारी. माझ्या वाक्याला हशा येणार असे दिसले की नेमका त्याला खोकला यायचा. एरवी त्याला खोकला झालेला मी आजतागायत पाहिलेला नाही. शिडीची वरून दुसरी पायरी ढिली आहे. हे त्याला सांगण्याचे बंधन कोणावरही नाही.

२. माझे टोप, मिशा व दाढ्या नाट्यशाळेला द्याव्यात. सासूचा अंबाडा मात्र मेहुण्याला द्यावा. डोक्यावर काहीतरी असावे ही त्याची जुनी इच्छा आहे.

३. ‘विनोदी नटाने खुनाच्या भानगडीत पडू नये’ असे छापणाऱ्या समीक्षकांना माझा रबरी सुरा. पुढे त्यांनीच मला अष्टपैलू ठरवले. हा सुरा जरा दाबला की वाकतो, त्यांच्या मताप्रमाणे.

४. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक मी माझ्या एकुलत्या एक मुलीला देतो. स्वयंपाकघराची खिडकी खालच्या कोपऱ्यात बुक्की मारल्याशिवाय उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

या कलमावर मला थोडे अधिक लिहायचे आहे. वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिले तरी चालेल.

तिची आई गेली त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. आधी उचकी, मग आवाज, आणि डाव्या कानाची पाळी मुठीत घट्ट धरलेली. घड्याळजीच्या सिनेमात मी हुबेहूब असाच रडलो होतो, आणि त्या रडण्याला पारितोषिक मिळाले होते. मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाबा, निदान आज तरी सिनेमातलं नको होतं.” त्यानंतरही ती फोन करते, औषधे घेतली का विचारते. मी काहीही सांगितले की म्हणते, “बरं.” त्या ‘बरं’ने मी पार खचलो आहे.

माझ्या अष्टपैलुत्वाचे सत्कार झाले, शाली मिळाल्या. चाली मी हव्या तेवढ्या जमवल्या, आवाजही जमवले. रडणे मला एकच येते. ते सिनेमाने माझ्याकडून नेले, मी सिनेमाकडून आणलेले नाही. तिने हे खरे मानावे, याहून मला काही नको. तशी अटच घाला, असे वकीलबाईंनी सुचवले. मी नको म्हटले. तिने मला जन्मभर नाटकी म्हटले, तरी घर तिचेच आहे.

५. मेकअपदादांनी मालिकेच्या पहिल्या दिवसापासून माझ्या तोंडाला रंग लावला. त्यांना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकीलबाई म्हणतात, आणि मला दादांकडून साक्षच हवी आहे. दादा रागावले नाहीत. ‘तुझा अंबाडा नको होताच,’ एवढेच म्हणाले.

येथवरचा मजकूर मी वाचून पाहिला. कापण्यासारखे बरेच आहे, पण काही कापू नये.

ठिकाण : माझ्या घरातील जेवणाचे टेबल
दिनांक : १४ नोव्हेंबर, सोमवार
सही : शिडीवाला (कागदोपत्री नावाची सही शेजारी केली आहे)

साक्षीदार पहिले : फॅमिली डॉक्टर. माझ्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरे : मेकअपदादा. सही माझ्यासमोर केली. आणखी एक लिहितो, वकीलबाई लिहू देताहेत. पोरगी लहान असताना आईबरोबर सेटवर यायची. पडली, रडली, की डाव्या कानाची पाळी मुठीत धरायची. घड्याळजीचा सिनेमा तेव्हा निघालाही नव्हता. तिच्या बापाला हे माहीत नाही, तो आत शॉट देत असायचा. तिला मीच उचलून घ्यायचो.