डावीकडे ओढणारी गाडी

बेहाला, कलकत्ता

मुकुंददादा,

तू शब्द टाकून लवकर मिळवून दिलेली नवी गाडी पहिल्यापासून डावीकडे ओढत होती. मी म्हटलं, दादा कारखान्यात तपासणीलाच आहे, त्याला सांगू या. हे म्हणाले, "मेव्हण्याने शब्द टाकलाय, खोट काढणं बरं दिसत नाही."

बजबजच्या रस्त्यावर स्टिअरिंगचा सांधा तुटला. मिस्त्रीने मला दाखवला, वेल्डिंग वरवरचंच होतं.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "भावोजी जोरातच चालवायचे." पण त्याच खेपेतली स्वतःची गाडी घरी ठेवून वहिनीला आणि मुलांना तू बसने आणलंस.

का, दादा?

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. मला आता माहेरच उरलं आहे.

तुझी,
कालिंदी